घरच्या स्पीकरना डीएसपी लावताना: क्रम चुकला की सगळंच चुकतं

गोव्यात पर्वरीच्या एका मित्राने मला घरी बोलावलं, कारण नव्या ऑडिओ रिसीव्हरवर रूम करेक्शन (खोलीमुळे बिघडणारा आवाज मापून डीएसपीने, म्हणजे डिजिटल आवाज-प्रक्रियेने, दुरुस्त करणारी सोय) चालवल्यापासून त्याच्याकडे तंबोरा घोंगावू लागला होता. गाणं लावलं की खर्जाची तार खोलीभर 'घुम्म' करून पसरायची आणि गायकाचा आवाज तिच्या मागे दडायचा. हॉल पाच मीटर लांब, ३.६ मीटर रुंद, खाली गुळगुळीत टाइल, वर काँक्रीटचा स्लॅब, एका बाजूला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार. सोफा बरोबर मधोमध. "पैसे फुकट गेले काय रे?" हा त्याचा पहिला प्रश्न.

पैसे फुकट गेले नव्हते. त्याने शेवटची पायरी सगळ्यात आधी चढली होती, एवढंच. फोंड्यापासून म्हापशापर्यंत ज्या ज्या घरांत मी माईक घेऊन गेलो, तिथे बहुतेक हीच गोष्ट निघाली. म्हणून खालचा क्रम मोडू नका. पहिल्या चार टप्प्यांत एकही फिल्टर (ठराविक सूर कमी-जास्त करणारी डीएसपीची सेटिंग) नाही, आणि निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं.

टप्पा १: खोली कुठल्या अवस्थेत ऐकता ते ठरवा

आपल्याकडे वर्षातले कित्येक महिने खिडक्या सताड उघड्या असतात आणि एप्रिल-मेमध्ये दारं लावून एसी चालू असतो. खालच्या सुरांच्या दृष्टीने या दोन वेगळ्या खोल्या आहेत. उघड्या दारातून बास बाहेर निघून जातो. बंद खोलीत तो भिंतींमध्ये घुमत राहतो. जुन्या कौलारू घरांत कौलांच्या फटींतूनही बराचसा निसटतो, त्यामुळे तिथे घुमणं कमी आणि बास बारीक अशी तक्रार जास्त असते. स्लॅबच्या फ्लॅटमध्ये नेमकं उलटं.

तेव्हा ज्या अवस्थेत जास्त वेळ ऐकता, त्याच अवस्थेत माप घ्या (म्हणजे कुठला सूर कानापाशी किती जोरात पोचतो त्याचा माईकने आलेख काढा). दोन्ही प्रकारे ऐकत असाल तर दोनदा मापा आणि दोन प्रीसेट (साठवलेल्या सेटिंग) ठेवा. पडदे रोज ज्या जागी असतात तिथेच असू देत. माप घेताना पंखा, एसी, फ्रीज मात्र बंद. पावसाचा जोर असताना मापायला बसूच नका. पत्र्यावर किंवा कौलांवर पाऊस पडत असताना घेतलेला आलेख म्हणजे निम्मा पावसाचाच आलेख असतो.

टप्पा २: सामान

मापनाचा यूएसबी माईक लागेल. मिनीडीएसपीचा यूमिक-१ सर्रास वापरला जातो. त्याच्यावर सीरियल नंबर छापलेला असतो आणि त्या नंबरावरून त्याच माईकची कॅलिब्रेशन फाइल (माईकच्या स्वतःच्या चुका भरून काढणारी) उतरवून घ्यायची असते. दुसऱ्या कुणाच्या माईकची फाइल चालत नाही. एका माईकसाठी दोन फाइली मिळतात. माईक स्पीकरकडे रोखणार असाल तर शून्य अंशाची, छताकडे उभा धरणार असाल तर नव्वद अंशाची. अदलाबदल झाली तर बासमध्ये फरक जाणवत नाही, पण वरचे सूर उगाच चढलेले किंवा पडलेले दिसतात.

फोनच्या माईकवर काम भागवू नका. तो बोलणं टिपण्यासाठी घडवलेला असतो आणि ज्या खालच्या पट्टीत आपल्याला काम करायचं आहे, तिथेच त्याचा सगळ्यात कमी भरवसा.

याशिवाय बूम असलेला माईक स्टँड, मीटरची टेप, चिकटपट्टी आणि लॅपटॉप. लॅपटॉपवर आरईडब्ल्यू (रूम ईक्यू विझार्ड) हे मापनाचं मोफत सॉफ्टवेअर घाला. स्टँडच्या बाबतीत कंजूषी नको. खुर्चीवर पुस्तकांची चळत रचून वर माईक ठेवणारे मी पाहिले आहेत. पुस्तकांवरून परतलेला आवाज मग मापात शिरतो.

टप्पा ३: स्पीकर आणि बैठक

इथे रेंगाळा. घाई करून पुढे गेलात तर इथली चूक कुठलाही फिल्टर पुरती निस्तरणार नाही.

आधी खोलीचे घुमणारे सूर काढा. गोव्याच्या तीस अंशाच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. तेव्हा १७४ ला खोलीच्या लांबीने भागा, म्हणजे त्या दिशेचा पहिला घुमणारा सूर मिळतो. मित्राच्या खोलीत लांबीचा ३५ हर्ट्झ (सेकंदाला ३५ कंपनं), रुंदीचा ४८, तीन मीटर उंचीचा ५८. यांच्या पटीही घुमतात, म्हणजे लांबीचा दुसरा सूर ७० हर्ट्झ.

आता तंबोरा. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तो साधारण १३९ हर्ट्झ, आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ ला. खोलीचा दुसरा सूर ७०. म्हणजे प्रत्येक आवर्तनात खर्जाची तार छेडली की अख्खी खोलीच त्या सुरात बोलायला लागायची. त्यात सोफा मधोमध. लांबीचा पहिला सूर खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो आणि दुसरा तिथेच सगळ्यात जोरात असतो. मित्राला ३५ ऐकूच येत नव्हता आणि ७० डोक्यात घुमत होता.

आम्ही सोफा साठ सेंटिमीटर मागे सरकवला. झालं ते एवढंच, पण तंबोऱ्याला पुन्हा तार आली.

बैठकीसाठी सुरुवातीचा अंदाज: समोरच्या किंवा मागच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्के अंतरावर कान. सोफा मागच्या भिंतीला टेकवलात तर लांबीचे सगळे सूर तिथे जोरात मिळतात. आपल्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकवणं हाच रिवाज आहे हे मला माहीत आहे, पण ऐकताना तरी तो पुढे ओढा. पुढे ओढलाच नाही, तर निदान बासमध्ये कापाकापी जास्त करावी लागेल याची तयारी ठेवा.

स्पीकरच्या मागच्या भिंतीचंही एक गणित आहे. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून जितके मीटर पुढे, त्याने ८७ ला भागा. त्या सुराला भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजाला मारतो आणि आलेखात खड्डा पडतो. साठ सेंटिमीटरला १४५ हर्ट्झ. हा खड्डा बुजवायचा एकच खात्रीचा उपाय, स्पीकर हलवणं.

उघडा चिरा (जांभा दगड) सच्छिद्र आणि खडबडीत असतो, त्यामुळे वरच्या सुरांत त्याचा थोडा फायदा होतो. बाससाठी मात्र तीही भिंतच.

*तपासा:* ऐकायच्या जागी उभे राहून जोरात टाळी वाजवा. टाळीमागून 'टर्रर्र' असा थरथरता आवाज आला तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज आपसांत फेकत आहेत. डीएसपीला हे निस्तरता येत नाही. जाड पडदा, पुस्तकांचं कपाट, जमिनीवर सतरंजी किंवा गालिचा यांनी फरक पडतो.

*सावधान:* भिंतीवर चिकटवायचे इंचभर जाडीचे काळे फोम बाससाठी घेऊ नका. ७० हर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सा सव्वा मीटरचा असतो, इंचभर फोमची त्यापुढे काय मात्रा! शिवाय जून-जुलैत त्यांच्या मागे बुरशी धरते. जाड पॅनेल लावायचे असतील तर भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर सुटे ठेवा. हवाही खेळते आणि ते जरा खालच्या सुरापर्यंत कामही करतात.

टप्पा ४: जोडणी

डावा-उजवा स्पीकर उलट लागलेला नाही ना? दोन्ही स्पीकरच्या लाल-काळ्या तारा सारख्याच लागल्या आहेत ना? एकाची उलटी लागली तर बास पातळ होतो आणि आवाज मधोमध उभा राहत नाही. लोक मग इक्वलायझरने बास वाढवत बसतात.

रिसीव्हर किंवा अ‍ॅम्पचे बास-ट्रेबल शून्यावर, लाउडनेस बंद, विंडोजमधले 'एन्हान्समेंट' बंद.

सबवूफर (फक्त बासचा वेगळा स्पीकर) असेल तर त्याचा मेळ आत्ताच घालायचा, फिल्टरनंतर नाही. क्रॉसओव्हर (ज्या सुराच्या खालचा आवाज सबकडे जातो तो) ८० हर्ट्झपासून सुरू करा. सब आणि मुख्य स्पीकर एकत्र वाजवून ६० ते १२० हर्ट्झच्या पट्टीत माप घ्या, मग सबचा फेज (लहरींची वेळ) किंवा अंतर थोडं थोडं बदलत त्या पट्टीतला आवाज सगळ्यात भरलेला कुठे येतो ते पाहा. रिसीव्हरमध्ये अंतर मीटरमध्ये भरतात. ३५ सेंटिमीटर म्हणजे सुमारे एक मिलिसेकंद. रिसीव्हरने स्वतः मोजलेलं सबचं अंतर टेपच्या मापाहून बरंच जास्त दिसलं तर घाबरून ते 'दुरुस्त' करू नका. सबच्या आतली इलेक्ट्रॉनिक्स आवाज उशिरा सोडते, तो उशीर त्या आकड्यात धरलेला असतो.

टप्पा ५: माप

१. माईक कानाच्या उंचीवर, जिथे डोकं असतं त्या जागी. सोफ्याच्या पाठीपासून निदान वीतभर दूर, शक्यतो पाठीच्या वर.

२. आवाजाची पातळी माईकपाशी ७५ डेसिबलच्या आसपास. कुजबुजत्या आवाजात मापलंत तर खोलीतला गोंगाट वरचढ होतो, फार मोठ्याने मापलंत तर ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) जायची भीती.

३. डावा वेगळा, उजवा वेगळा, मग दोन्ही एकत्र. फक्त एकत्र मापणारे फसतात. दोन स्पीकरच्या खोड्या एकमेकांत मिसळून जातात.

४. स्वीप (खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत चढत जाणारा चाचणीचा आवाज) लांबलचक ठेवा. सेकंदाला ४८ हजार नमुने, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला, १०२४के नमुन्यांचा स्वीप सुमारे बावीस सेकंद चालतो. लांब स्वीपमध्ये बाहेरच्या गोंगाटाचा परिणाम कमी होतो. रस्त्यावरून बस गेली, शेजारी कुत्रं भुंकलं, तर तो स्वीप टाकून नव्याने घ्या.

५. मुख्य जागेभोवती डोकं जितकं हलतं तेवढ्याच अंतरात, म्हणजे वीस-तीस सेंटिमीटर इकडे-तिकडे, वर-खाली, आठ-नऊ मापं. त्यांची सरासरी.

पाचव्या मुद्द्यावरच मित्राचं बिनसलं होतं. "सगळ्यांना चांगलं ऐकू यावं" म्हणून त्याने एक माप जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर घेतलं, एक बाल्कनीच्या दाराशी. जेवणाची खुर्ची मागच्या भिंतीपासून सव्वा मीटरवर होती, म्हणजे लांबीच्या बरोबर चौथ्या हिश्श्यावर, आणि ७० हर्ट्झ नेमका तिथे हरवतो. सरासरीत ७० चं शिखर दिसेनासंच झालं. करेक्शनने ते तसंच सोडलं, वर आजूबाजूचे सूर थोडे उचललेही.

*तपासा:* एकाच जागी माईक न हलवता दोन स्वीप घ्या. दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. नसतील तर पुढे जाऊ नका. कुठेतरी पंखा चालू आहे, माईक डुगडुगतो आहे किंवा व्हॉल्यूम हलला आहे.

टप्पा ६: आलेख वाचणे

पहिल्यांदा आलेख पाहणाऱ्याला वाटतं, आपलं घर बिघडलंय. नाही. बासमध्ये दहा-पंधरा डेसिबलचे चढउतार सामान्य घरात असतातच.

साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली खोलीचं राज्य असतं, तिथे स्मूदिंग (रेषा गुळगुळीत करणं) अगदी कमी ठेवून बारीक पाहा. त्याच्या वर स्पीकरचं. तिथे रेषा केसाळ दिसते. त्यातला प्रत्येक केस कापायचा नसतो, म्हणून सप्तकाच्या सहाव्या हिश्श्याचं स्मूदिंग लावा. सगळीकडे एकच जाड स्मूदिंग लावलंत तर बासची शिखरं चेपली जातात आणि "माझी खोली बरी आहे" असा गोड गैरसमज होतो.

आता शिखर आणि खड्डा वेगळे ओळखा. शिखर म्हणजे खोली त्या सुराला साथ देते आहे, आणि ते कापता येतं. खोल, अरुंद खड्डा म्हणजे दोन लहरी एकमेकींना मारत आहेत. तिथे जितका आवाज वाढवाल तितकाच परतून येणाराही वाढतो, आणि दोघांचं एकमेकांना मारणं तसंच चालू राहतं. शिवाय सहा डेसिबल वाढवायला अ‍ॅम्पला चौपट, दहा डेसिबलला दहापट ताकद लावावी लागते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पहिल्याच वर्षी माझ्या स्वतःच्या खोलीत ६२ हर्ट्झचा एक खड्डा दहा डेसिबलने भरून काढला. ऐकताना फारसा फरक जाणवला नाही. रात्री नाटकाचं रेकॉर्डिंग लावलं आणि पखवाजाच्या एका थापेला वूफरमधून 'टक्' असा आवाज आला. वूफरचा (बासच्या स्पीकरचा) कोन, म्हणजे हलणारा पडदा, तळाला जाऊन आदळला होता. नशीब, फाटला नाही.

टप्पा ७: फिल्टर

प्रत्येक फिल्टरला तीन आकडे: कुठला सूर, किती डेसिबल, आणि क्यू, म्हणजे फिल्टर किती अरुंद. खोलीच्या शिखरांना क्यू तीन ते आठच्या दरम्यान बहुधा पुरतो.

क्रमाने असं करा. सगळ्यात मोठं शिखर आधी घ्या. त्याच्या माथ्यावर फिल्टर ठेवा, उंचीपेक्षा थोडं कमीच कापा. मित्राकडे सोफा हलवल्यावरही ७० ला आठेक डेसिबलचं शिखर उरलं होतं. तिथे सहा डेसिबल कापले, क्यू ५. मग ४८ ला चार. मग थांबलो. चार-पाच फिल्टरमध्ये बास सुधारत नसेल तर टप्पा ३ कडे परत जा. वीस फिल्टर लावून आलेख सरळ करता येतो, पण डोकं चार बोटं हलवलं की तो सरळपणा गायब.

शिखर कापल्याने आवाजाची पातळीच नाही, घुमण्याचा वेळही कमी होतो. म्हणून कापल्यावर डग्ग्याची मींड वेगळी ऐकू येते. आधी ती गोळा होऊन पडते.

वाढवायचंच असेल तर रुंद, उथळ दरीत दोन-तीन डेसिबल. त्याहून जास्त नाही.

लक्ष्य-रेषा (दुरुस्तीनंतर आलेख जसा हवा ती) सपाट ठेवू नका. घरात मापलेला चांगल्या स्पीकरचा आलेख खालून वर हळूहळू उतरता असतो. बास वरच्या टोकापेक्षा चार-सहा डेसिबल उंच असणं कानाला नैसर्गिक वाटतं. २० किलोहर्ट्झपर्यंत सपाट केलेली सिस्टीम कर्कश लागते आणि मग दोष ट्वीटरला जातो. ३०० च्या वर मी शक्यतो हातच लावत नाही. लावलाच तर रुंद आणि दोन डेसिबलच्या आत.

डाव्या-उजव्याला बासमध्ये वेगळे फिल्टर चालतील. वर मात्र दोघांना सारखेच ठेवा, नाहीतर गायक मधोमध उभा राहत नाही.

टप्पा ८: हेडरूम (आवाज फाटू नये म्हणून सोडलेली जागा), आणि यंत्रात भरणे

फिल्टरमध्ये कुठेही वाढ असेल तर तितकेच डेसिबल सुरुवातीला सगळ्यावर कमी करा. तीन वाढवले तर सॉफ्टवेअरमधली एकूण पातळी, म्हणजे प्रीअ‍ॅम्प उणे तीन. हे विसरलात तर मोठ्या आवाजात डिजिटल फाटणं ऐकू येतं.

फिल्टर भरायला विंडोजवर इक्वलायझर एपीओ मोफत आहे, रास्पबेरी पायवर कॅमिलाडीएसपी. मिनीडीएसपीसारखा वेगळा डबा घेतला तर टीव्हीसकट सगळं त्यातून जातं. लॅपटॉपवरच्या डीएसपीमधून फक्त लॅपटॉपचा आवाज सुधारतो. टीव्ही थेट अ‍ॅम्पला लागला असेल तर तो बिनदुरुस्तीचाच वाजणार. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो.

*सावधान:* आरईडब्ल्यूमधून फिल्टरचे गुणांक (यंत्रात भरायचे आकडे) काढताना तुमचं नेमकं यंत्र निवडा. मिनीडीएसपीचा २x४ एचडी ९६ किलोहर्ट्झवर चालतो, जुना २x४ ४८ वर. ९६ चे गुणांक ४८ च्या यंत्रात भरलेत तर ७० चा फिल्टर ३५ वर जाऊन बसतो. सगळं 'लावलेलं' दिसतं आणि घुमणं तसंच.

लांबलचक लिनिअर-फेज एफआयआर फिल्टर (सगळ्या सुरांना सारखाच उशीर लावणारे) सिनेमासाठी नकोत. ४८ किलोहर्ट्झला ६५,५३६ टॅपचा (गुणांकांचा) फिल्टर आवाज सुमारे ०.६८ सेकंद उशिरा सोडतो. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटतात आणि मग वाक्य येतं.

स्वयंचलित करेक्शन वापरत असाल तर

ऑडिसी, डिराक वगैरे वाईट नाहीत. टप्पे १ ते ५ त्यांनाही तसेच लागू. पहिलं माप मुख्य बैठकीवरच घ्या, कारण अंतरं आणि पातळी त्यावरून ठरतात. काम झाल्यावर स्पीकर 'लार्ज' (सगळा बास मुख्य स्पीकरलाच) झाले आहेत का पाहा. सब असेल तर 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० ला आणा. यंत्राने मापून ठरवलेला क्रॉसओव्हर मात्र खाली नेऊ नका, त्याच्या खाली त्या स्पीकरसाठी दुरुस्ती तयारच झालेली नसते. दुरुस्तीची वरची मर्यादा ठरवायची सोय असेल तर ती ३०० ते ५०० हर्ट्झवर ठेवा.

टप्पा ९: पुन्हा माप, मग कान

फिल्टर चालू ठेवून तीच मापं पुन्हा घ्या. बदल दिसलाच नाही तर फिल्टर आवाजाच्या वाटेवर नाहीत.

ऐकताना चालू-बंद तुलना समान पातळीवर करा. कापल्यावर एकूण आवाज कमी होतो, आणि मोठा आवाज नेहमीच 'चांगला' वाटतो. या सापळ्यात अडकून लोक करेक्शन बंद करून टाकतात. ओळखीचं गाणं घ्या: तंबोरा, तबला आणि एकच गळा असलेलं. प्रत्येक मात्रेला डग्गा सारख्याच वजनाचा लागतो का, की एखादा सूरच उसळतो? पहिले दोन दिवस बास कमी झाल्यासारखं वाटेल. कान घुमण्याला सरावलेले असतात. आठवडाभर काही बदलू नका.

सेटिंगची फाइल आणि तारीख घातलेले आलेख दुसऱ्या जागी जपून ठेवा. सोफ्याच्या पायांशी जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा, नाहीतर चवथीची साफसफाई झाली की सोफा पुन्हा भिंतीला टेकलेला सापडेल. माईक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि पावसाळा संपला की पुड्या बदला.